नाव घातलेलं ताट

कारभारी पाटलांच्या पुतण्याचं लग्न भर दुपारी लागलं आणि चारच्या सुमाराला वावटळ सुटली. मंडपामागं उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग पडला होता, तो तिने उचलला आणि गावभर वाटून टाकला. थर्माकोलची ताटं बाभळींना लटकली, प्लास्टिकचे ग्लास विहिरीत पडले... आणि एक ताट, वरणाच्या ओघळासकट, संध्याच्या ओढणीवर येऊन चिकटलं.

ती हातात गोणी घेऊन तेच तर गोळा करत होती. तेवढ्यात गुलाबी फेटा गडगडत आला आणि तिच्या पायाशी थांबला. फेट्यामागं त्याचा मालक धापा टाकत आला.

"फेटा द्या की मॅडम."

"देते. आधी हे ताट कोणाचं, ते सांगा."

"त्याच्यावर कुठं नाव असतंय?"

"तेच म्हणते मी. नाव असतं तर असं फेकलं असतं का?"

तो हसला. असा हसला, की संध्याला आपली ओढणी खरकटी असल्याची उगीच लाज वाटली. तो कल्याण, कारभारी पाटलांचा मुलगा. केदारखेड्याच्या स्टँडजवळ त्याचं भांड्यांचं दुकान होतं आणि भांड्यांवर नावं घालणं हे त्याचं रोजचं काम. "सकाळपासून दिवस मावळेपर्यंत नावंच घालून राह्यलो मी," तो म्हणाला, "आणि घरच्या लग्नात बघा... बेवारशी ताटं." मग फेटा बगलेत मारून तो तिच्याबरोबर ग्लास वेचू लागला. पाटलांचा मुलगा, तोही नव्या कपड्यांत. गावाला चार दिवस पुरेल एवढा विषय झाला.

संध्या शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवायची. आई, बेबीनंदा, दोन वर्षांपूर्वी गेली. पुढच्या उन्हाळ्यात आईची लाडकी शेळी पोट फुगून मेली. डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आत पिशव्या आणि थर्माकोलचे तुकडे निघाले. तेव्हापासून संध्याच्या घरात भाजीची देठं फुटक्या माठात खत होऊ लागली, आईच्या विरलेल्या साड्यांच्या पिशव्या झाल्या, आणि तिचे बाबा, भिवा, बाजाराला निघाले की ती एक पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवू लागली. गाव तिला 'कचरेवाली मॅडम' म्हणायचं. गावकुसाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली ती; याहून वाईट नावं तिच्या आजीने ऐकली होती, म्हणून तिने हे नाव अंगाला लावून घेतलं नाही.

आठ दिवसांनी ती केदारखेड्याला चमचे घ्यायला गेली. चमचे घरी होते, पण ते असो.

"मॅडम, मी विचार करून राह्यलो," कल्याण म्हणाला. "घरटी दोन ताटं मागायची. लग्न, बारसं, वाढदिवस... कोणाचंबी काम निघालं की ताटं न्यायची, घासून परत करायची. मंग थर्माकोल कशाला लागतंय?"

"लोक ताटं देतील?"

"तुम्ही मागितली तर कोण न्हाई म्हणंल? मी तर..."

"तुम्ही तर काय?"

"मी तर दुकानच देऊन बसलो असतो," तो नावं घालायच्या मशीनकडं बघत म्हणाला.

बचत गटाच्या उषाबाईंच्या माडीवर भांडी बँक सुरू झाली. नवी ताटं एकही नव्हती. घराघरातून आलेली, आहेरात मिळालेली, कडेला कोणाकोणाची नावं असलेली एकशे ऐंशी ताटं. पुंजारामच्या घरचं ताट मीनाला, मीनाचं सत्यशीलाला, असं पंगतीत कोण कोणाच्या नावावर जेवेल याचा नेम नव्हता. संध्याला त्यात फार गंमत वाटायची.

वस्तीतून बावीस ताटं आली. त्यात तिच्या आईचं एक होतं. मामांनी लग्नात दिलेलं, जुन्या पद्धतीनं छिन्नीने टिंबटिंब ठोकून लिहिलेलं: वर 'जय भीम', खाली 'बेबीनंदा'. देताना संध्याचा हात अडखळला. बाबा म्हणाले, "देऊन टाक. चार लोकं जेवतील, तिला बरं वाटंल."

ताटांच्या निमित्ताने केदारखेड्याच्या खेपा वाढल्या. एकदा अवकाळी पावसाची सर आली आणि दुकानात दोघंच अडकली. कल्याणने तिला मशीन हातात धरायला दिलं, वरून स्वतःचा हात ठेवला, आणि एका चमच्यावर तिचंच नाव लिहायला लावलं. घर्रर्र... मशीन थरथरलं. जोडाक्षर पार तिरकं गेलं.

"बिघडलं," ती म्हणाली.

"बिलकुल न्हाई. हा चमचा विकायचा न्हाई." त्याने तो वरच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात तसाच राहू दिला. "संध्या, पोळ्याच्या आत मी घरी बोलतो."

पाऊस थांबल्यावरही ती छत्री शोधत राहिली, आणि छत्री तिने आणलीच नव्हती. एवढी सुखी ती आई गेल्यापासून कधी झाली नव्हती.

सुखाला दृष्ट लागते म्हणतात. इथं दृष्टच लागली, ती ताटाला. पुंजारामच्या मुलीच्या साखरपुड्यात एका पाहुण्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात बेबीनंदाचं ताट आलं. त्याने कडेवरून बोट फिरवलं, ताट डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मग ते शांतपणे बाजूला सरकवलं आणि उठून हात धुतले. पंगतीतला जो तो आपापलं ताट फिरवून वाचू लागला. संध्या वाढायला उभी होती. तिच्या हातातली वरणाची बादली तिने खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी उषाबाई म्हणाल्या, "माझं काही न्हाई गं पोरी. पण लोकं..." ताटं गोणीत गेली. पुढच्या बारशाला थर्माकोल आलं.

महिनाभर असं चाललं. मग एक दिवस कल्याणचा फोन आला. "जल्दी दुकानावर ये. काम झालं."

ती गेली. काउंटरवर ताटांची थप्पी होती, आरशासारखी चकचकीत.

"बघ. रात्रंदिवस पॉलिश केलंय," तो आनंदाने म्हणाला. "कोणतं ताट कोणाचं, बिलकुल कळत न्हाई. उषाबाईंशी बोललोय, उद्यापासून बँक चालू."

"सगळ्या ताटांची नावं काढली?"

तो थप्पी सारखी करू लागला. "सगळ्यांची कशाला..."

"किती?"

"बावीस."

तिला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलं. "आईचं?"

त्याने वरचंच ताट पुढं केलं. तिने कडेवरून बोट फिरवलं. लहानपणी जेवताना याच टिंबांवर बोट फिरवत ती अक्षरं शिकली होती. बोट सरळ घसरत गेलं, कुठंच अडलं नाही.

"बाकीच्यांची नावं तशीच ठेवलीस," ती म्हणाली.

"त्यांच्या नावाला कोणी उठत न्हाई ना संध्या. मला बँक वाचवायची होती. तुझी बँक." त्याचा आवाज खाली आला. "आणि ऐक... घरी बोललोय. दादा तयार झालेत. आपण जालन्याला राहू, एमआयडीसीकडं दुकान टाकतो. तिथं आपल्याला कोण ओळखतं? लग्नात तसंबी नाव बदलतातच, ताटात तांदळावर काढून. आडनाव माझं लागंल. तुझ्या बाबांनी फक्त... तिकडं जास्त यायचं न्हाई. दादांची तेवढीच अट हाय."

कारभारी पाटलांचा होकार... हेच ऐकायला तिने वर्ष काढलं होतं. 'दादा तयार झालेत' हे शब्द तिने स्वप्नात कितीदा ऐकले होते. आता ते खरंच आले, तेव्हा तिचं बोट त्या गुळगुळीत कडेवरच होतं.

"म्हणजे मलाबी घासूनपुसून घेणार," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच करून राह्यलो मी हे सगळं."

"ठाऊक आहे. वाईट मनाने केलं असतंस तर भांडले असते."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाव परत घालून देतो. आत्ता, या घडीला. बैस."

"कोणाच्या अक्षरात?"

मशीन त्याच्या हातात होतं, पण त्याने बटण दाबलं नाही. ती वाट बघत होती. तो म्हणाला असता, की खड्ड्यात गेली अट, उरलेल्या एकशे अठ्ठावन्न ताटांचीही नावं काढतो, किंवा तुझ्या बाबांना आधी घरी आणतो, तर ती तिथंच त्याच्या गळ्यात पडली असती. त्याने मशीन खाली ठेवलं आणि वायर गुंडाळली. तिने ताट साडीच्या पिशवीत घातलं आणि स्टँडवर जाऊन उभी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात कल्याणचं लग्न झालं. मुलगी शहागडची, राजनंदिनी. संध्या परत बँकेकडं फिरकली नव्हती, भांडी बँकेची ताटं उषाबाईंच्या माडीवर गोणीतच होती. मंडपात थर्माकोल होतं. दुपारनंतर वारा सुटला.

"आजच्या दिवस राहू दे पोरी," बाबा म्हणाले.

"शेळ्यांना कुठं कळतंय आज काय आहे ते," ती म्हणाली आणि गोणी घेऊन निघाली.

मंडपामागं नवरदेव हात धुवायला आला होता. गुलाबी फेटा, मुंडावळ्या. दोघांमध्ये उष्ट्या ताटांचा ढीग.

"ते ताट..." कल्याण हळूच म्हणाला. "जेवतेस का त्यात?"

"रोज."

"चमचा माझ्यापाशीच हाय, संध्या. त्याच्यावरचं नाव मी काढलं न्हाई."

तिला वाटलं, एकदा बघायला मागावा. जोडाक्षर अजून तेवढंच तिरकं आहे का, ते बघावं.

"काढून टाका," ती म्हणाली. "घरात नवं माणूस आलंय. त्याच्या बोटाला लागंल."

आतून कोणीतरी नवरदेवाला हाक मारली. तो वळून वळून बघत गेला. तिने गोणीचं तोंड बांधलं.

संध्याकाळी तिने बाबांना वाढलं आणि स्वतःसाठी आईचं ताट घेतलं. भात वाढला, हाताने सारखा पसरला. मग तिचं बोट भातावरून चालू लागलं, एक एक टिंब करत. बेबीनंदा लिहून झालं. शेजारी जागा उरली होती, तिथं तिने संध्या लिहिलं. जोडाक्षर तिरकं आलं.

"काय लिहून राह्यलीस गं?" बाबांनी विचारलं.

"काही न्हाई," ती म्हणाली, आणि भातावर वरण ओतून कालवू लागली.