हातभर अंतरावर कान

आईला एवढंच हवं होतं, की मी त्या शिखरावर जाऊन तिच्या वतीनं एकदा डोळ्यांनी बघून यावं. नेमकं काय बघू, असं विचारलं तर म्हणाली, "तो कुठे झोपला असेल ते."

तो म्हणजे माझे वडील. मी पाळण्यात होते तेव्हा ते लढाईवर गेले, पण बंदूक चालवायला नव्हे. शिखरावर सैन्याची चौकी होती, तिच्याखाली सरळसोट कडा होता, आणि त्या कड्यावर तारेचे दोर बांधायला आमच्या कारखान्यातला हात हवा होता. पुढे एका हिवाळ्यात अफाट बर्फ पडलं, कड्याखालची वाट बुजली आणि चौकीशी संबंध तुटला. बर्फ ओसरल्यावर माणसं वर पोचली तर चौकी रिकामी! सगळे बर्फाखाली गेले असं ठरलं. गावच्या चौकातल्या दगडावर नावं कोरली गेली, त्यात वडिलांचंही आलं, आणि विषय संपला.

आईचा मात्र संपला नाही. माणूस थंडीनं गोठून गेला, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. तेव्हापासून ती ऐन हिवाळ्यातही नुसती पातळ चादर पांघरून झोपते. जाड रजई माळ्यावर पडून आहे. "त्याला तिथे थंडी, आणि मी इथे रजईत?" एवढं म्हणून कूस बदलते. हे ऐकत ऐकत मी पन्नाशी ओलांडली.

कारखाना आता मीच चालवते. क्रेनला, पुलांना, मालाच्या पाळण्यांना लागणारे तारेचे दोर वळून, जोडून देते. हे काम मला काकांनी शिकवलं. दिवसभर यंत्राचा आवाज आणि ग्रीसचा वास, संध्याकाळी आई आणि तिची चादर. लग्नाचं राहून गेलं. कुणी कारण विचारलं तर मी सांगते, हात काळे होते म्हणून. लोक हसतात आणि पुढचं विचारायचे थांबतात.

आम्ही तिघं निघालो. वाटाड्या, मी आणि काकांचा मुलगा. हा माझा चुलतभाऊ औषधांचं दुकान चालवतो. त्यानं अख्खं दुकानच पाठीवर घेतलं होतं. पहिल्याच चढावर त्याला घाम फुटला, दुसऱ्यावर त्यानं देवाला मधे घातलं, आणि तिसऱ्यावर त्याच्या तोंडाचा पट्टा बंद झाला. तेव्हा मला त्याची खरी काळजी वाटली. वाटाड्या उलट. त्याला दोन शब्द पुरत असतील तर तो एकातच भागवायचा.

झाडं संपली. मग झुडपं संपली. उरले ते राखाडी दगड आणि त्यांच्या सावलीत चिकटून बसलेलं जुनं बर्फ. मधूनच गंजलेली काटेरी तार पायात यायची. कुठे खंदकाची अर्धी बुजलेली ओळ दिसायची, कुठे बुटाचा नुसता तळवा. इतकी माणसं इथे राहिली, खोकली, भांडली, घरची वाट बघत बसली, आणि आता एक पक्षीसुद्धा नाही! माझ्या एकटेपणाची मला सवय आहे, पण तो चार भिंतींतला. हा उघड्यावरचा निराळाच होता. तो कुठे संपतच नव्हता.

खिंडीत तंबू ठोकला. भावाच्या गुडघ्यानं तिथेच संप पुकारला. आम्ही परत येईपर्यंत स्टोव्ह पेटता ठेवतो, असं तो म्हणाला. मी त्याची थट्टा केली, पण निघताना दोनदा मागे वळून बघितलं.

सकाळच्या उजेडात कडा समोर उभा राहिला. काळा, ओलसर, मान दुखेपर्यंत वर जाणारा. आणि त्याच्यावरून खाली लोंबणारे वडिलांचे दोर! गंजून लाल झालेले, पण अजून होते.

त्यांना हातभर अंतरावर कान होते. कान म्हणजे दोराचेच पेड उसवून, वळवून, परत दोरात विणून केलेले छोटे फासे. आमच्या कारखान्याचा रिवाजच आहे तो. चढायच्या दोराला कान ठेवायचे, म्हणजे दमलेल्या हाताला धरायला मिळतं. उतरायचा दोर सरळ सोडायचा, कारण उतरताना तेच कान बोटांत अडकतात. काका मला शिकवताना म्हणायचे, आधी विचार, गिऱ्हाईक वर जाणार की खाली, मग तारेला हात लाव.

वाटाड्यानं बजावलं, की जुन्या दोराला स्पर्शही करायचा नाही, आपला नवा दोर आहे. मी मान हलवली.

अर्ध्या कड्यापर्यंत मी शब्द पाळला. मग एक ओला, गुळगुळीत पट्टा आला. पाय ठरेना. उजव्या हाताशीच एक कान होता. तो विणणारा हात कुणाचा, हे मला ठाऊक होतं. मी धरला.

खट्ट!

वर खडकातली खीळ निसटली. दोर सापासारखा अंगावर आला. पाय सुटले. मी हवेत! कमरेला जबर हिसका बसला, खांदा कड्यावर आपटला, दगडांचा लोट शेजारून खाली गेला. मग शांतता. मी वाटाड्याच्या दोरावर लोंबकळत होते, आणि तो वर एका भेगेत पाय रुतवून, दात आवळून मला धरून होता.

त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा तो रागावला नाही. निसटलेला दोर त्यानं उचलून दाखवला. कान शाबूत होता, एकही पेड तुटलेला नव्हता. खीळ मात्र खडकाच्या ढलपीसकट उपटून आली होती.

"तुमच्या वडिलांचं काम पक्कं आहे, बाई," तो म्हणाला. "डोंगर पक्का नाही."

त्यानंतर मी जुन्या दोराकडे बघितलंही नाही. वारा वाढला, बोटं बधिर झाली, श्वास छातीत मावेना. एक पाय, मग दुसरा. एक पाय, मग दुसरा! आणि अचानक वर चढायला काही उरलंच नाही.

शिखर म्हणजे आमच्या कारखान्याच्या अंगणाएवढी जागा. एका अंगाला दगडी खोली, छप्पर अर्धं बसलेलं. आत शिरताना माझा जीव मुठीत होता. इथे कुठेतरी त्यांचं अंथरूण असेल, आणि कदाचित त्यावर काही उरलंही असेल, या तयारीनं मी गेले. काही नव्हतं. झोपायच्या फळ्या भिंतीला नीट उभ्या करून ठेवल्या होत्या. शेगडीतली राख काढलेली होती. पत्र्याचे पेले एकात एक घातलेले होते. मरायला टेकलेली माणसं पेले आवरत नाहीत.

बाहेरून वाटाड्यानं हाक मारली. तो शिखराच्या पलीकडच्या काठावर होता. या काठावर कायम बर्फाचा जाड ओठ पुढे आलेला असायचा, म्हणाला, तो यंदा पहिल्यांदाच पडून गेलेला दिसतोय. आणि त्या उघड्या काठावर, एका खडकाला वेढा घालून, एक तारेचा दोर पलीकडे खाली गेला होता. पलीकडचा मुलूख त्या वेळी शत्रूचा होता.

कुणाचा दोर? त्यांचा की आमचा? जोड बघायचा तर आमच्याकडे डोळे वापरत नाहीत. उघडा तळवा फिरवतात. शेवटचा पेड आत दाबून, ठोकून, वर बारीक तार गुंडाळायची, म्हणजे कुणाच्या हाताला टोचत नाही, ही आमच्या घरची खूण. जन्मभर केलं तेच मी केलं. हातमोजा काढला आणि घामानं ओला तळवा जोडावर ठेवला.

गुंडाळी हाताला लागली. आमचीच!

हात उचलायला गेले, तर उचलेना. गोठलेल्या पोलादानं तळवा धरून ठेवला होता! ओढला, तर कातडीबरोबर जीव निघाला. दुसऱ्या कुणी हातमोजा काढलाच नसता. माझ्या किंकाळीनं वाटाड्या धावला. त्यानं माझं मनगट घट्ट आवळलं, हलू नका म्हणाला, आणि थर्मासमधला कोमट चहा थेंबाथेंबानं ओतत माझा हात सोडवला. तरी अर्धी कातडी तिथेच राहिली.

मी रडले, पण हातासाठी नाही. माणूस गोठला नव्हता तर! दोर बांधून, पेले आवरून, पलीकडे शत्रूच्या मुलखात उतरला होता. आणि त्या दिवसापासून इकडे एक बाई पातळ चादर पांघरून झोपतेय, आणि एक मुलगी बापाच्या कामावर हात फिरवत मोठी झालीय! मी काठाशी वाकले. खाली धुक्यापर्यंत दोर दिसत होता, त्याचे कान, खडकाला घासून चकाकणारा एक वळसा. मला त्यांच्या मागे जायचं होतं. पलीकडे जाऊन, जिथे कुठे असतील तिथे, जिवंत असोत नाहीतर मातीत, त्यांना जाब विचारायचा होता. मी दोर डाव्या हातानं धरला.

वाटाड्यानं वेढ्याच्या खडकावर आपल्या बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीचा दांडा ठोकला. पोकळ आवाज आला. खडक जरासा हललासुद्धा.

"डोंगर तोच आहे, बाई," तो म्हणाला. "घरी कुणी आहे ना?"

मी दोर सोडला.

उतरणं मला नीट आठवत नाही. बर्फ पडायला लागलं होतं. एका हातानं कडा उतरताना नाकी नऊ आले, दोनदा वाटाड्यानं मला पोत्यासारखं खाली सोडलं, आणि खाली खिंडीत एक पिवळा ठिपका हलत होता तो भावाचा कंदील होता. त्यानं स्टोव्ह खरंच पेटता ठेवला होता! हात बघून त्याचा चेहरा उतरला, पण पट्टी त्यानं सुरेख बांधली. सगळं ऐकून त्यानं उरलेली पट्टी गुंडाळून ठेवली. मग हळूच म्हणाला, की ताई, हे गावात कुणाला सांगू नकोस, दगडावर नाव आहे. आणि काकूला तर नकोच.

घरी पोचल्यावर मी आईला सांगितलं. खोटं बोलायला काहीतरी मऊ लागतं मनात, ते माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आई पलंगावर बसली होती, मांडीवर तीच चादर. मी फळ्या सांगितल्या, पेले सांगितले, पलीकडचा दोर सांगितला. शेवटी म्हटलं, "ते गोठले नाहीत, आई. ते आपल्याला सोडून उतरून गेले."

आईनं माझा पट्टीचा हात आपल्या हातात घेतला. दोर वळणाऱ्याच्या घरात तिचा जन्म गेलेला. तिनं एकच विचारलं.

"दोर सरळ होता, की कान होते?"

काठाशी वाकल्यावर दिसलेला तो दोर डोळ्यांपुढे आला. धुक्यापर्यंत गेलेला. हातभर अंतरावर, हातभर अंतरावर. त्या थंडीत, उपाशीपोटी, उतरायला ज्याची गरज नव्हती असा एकेक कान वळून, विणून, ठोकून घेतलेला.

"होते," मी म्हटलं. "खालपर्यंत होते."

पुढे त्यांचं काय झालं, ते कुणालाच कधी कळणार नाही. आईनं ते विचारलंही नाही. ती माझ्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली, आम्ही जोडावरून फिरवतो तसा. मग म्हणाली, "माळ्यावरची रजई काढ गं. थंडी वाजतेय मला."