सतरावा गठ्ठा

"चोरी झाली आहे, पण चोर सापडू नये असं वाटतंय," खुर्चीत बसता बसता ग्रेस आढाव म्हणाल्या.

रेश्मा पवळेच्या सावेडीतल्या कचेरीत लग्नाआधीच्या चौकशांसाठी लोक येत. असं अशील पहिल्यांदाच आलं होतं. बाजूला बसलेल्या अजिनाथने वर्तमानपत्र खाली ठेवलं. हा काष्टीचा गडी पोलिसातून निवृत्त झाला होता आणि आता रेश्माची गाडी चालवत होता.

ग्रेसताईंचे वडील दानीएल सर तीन महिन्यांपूर्वी गेले. देवळाली प्रवऱ्यात त्यांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि आयुष्यभर कागद जपले. पत्रं, रोजनिश्या, फोटो, सगळं फडक्यांत बांधून एका ट्रंकेत ठेवलेलं. हा संग्रह फुटू देऊ नका, एकत्र कुठेतरी द्या, एवढंच ते शेवटी म्हणाले होते. नगरच्या एका महाविद्यालयाचा अभिलेख विभाग तो घ्यायला तयार झाला. टेम्पो सोमवारी येणार होता.

"गेल्या शनिवारी तिथल्या अमृतने गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून यादी केली. एकेचाळीस गठ्ठे. यादी ट्रंकेतच वर ठेवली. काल मी मोजले तर चाळीस. सतरावा नाही. 'कौटुंबिक, १९७१ ते ७४'."

"संशय कोणावर?"

"भावावर. जॉय पुण्याला असतो. आई-पप्पांचं लग्न त्र्याहत्तरचं. ते फोटो त्याला घरी हवे होते, मी नाही म्हटलं. रविवारी तो तासभर त्या खोलीत एकटा होता. विचारलं, तर फोन आपटला. पप्पा गेले, आता आमच्या चौघांतला तोच एक उरलाय. त्याने नेलं असेल तर आमचं बोलणं कायमचं संपेल. आणि ते कळल्याशिवाय माझ्याच्याने दानपत्रावर सही होणार नाही."

रेश्माने तिथूनच जॉयला फोन लावला.

"नेलं नाही," तो म्हणाला. "न्यायचं असतं तर ताईसमोर नेलं असतं. माझीही आई होती ती. त्या तासात काय केलं, विचारायचंय ना? पप्पांच्या खुर्चीत बसलो होतो. सांगा तिला."

देवळालीच्या घरी अमृत ओट्यावर खोकी जोडत होता.

"तुम्ही गठ्ठे सोडले होते?" रेश्माने विचारलं.

"एकही नाही. यादी चिठ्ठ्यांवरूनच केली. मंगळवारी अर्धा तास मापं घ्यायला आलो, तेवढंच. मॅडम, सगळं आमच्याकडेच येणार होतं. मी चोरू कशाला?"

"त्यात लग्नाचे फोटो असणार हे कोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. शनिवारी चहा पिताना मीच म्हणालो, कुटुंबातले जुने लग्नाचे फोटो प्रदर्शनात लावू, इंटरनेटवर टाकू, जगभर लोक बघतील."

सरांची थोरली बहीण मालनबाई पडवीत सूप घेऊन तांदळातले खडे वेचत होत्या. सर गेल्यापासून या घरात त्या एकट्याच राहत.

"आत्या, कोणी परका माणूस आला होता का?" रेश्माने विचारलं.

"न्हाई बाई. कोन येतंय." बोलता बोलता त्यांनी बारीकसा खडा चिमटीत धरून अंगणात टाकला. मग अजिनाथला गोळ्यांची पट्टी दिली. "ही रक्तदाबाची का गुडघ्याची, वाच बरं बाबा. डोळ्याला दिसंना आता."

"रक्तदाबाची हाय, मावशे. चष्मा घ्या की."

"तुजं लगीन ठरलं की घेते."

"माजी नात कॉलेजात हाय, मावशे."

"मग तिच्या लग्नात घेते."

ट्रंकेपाशी रेश्मा बराच वेळ बसली. पहिल्या सोळा गठ्ठ्यांना घट्ट निरगाठी होत्या. अठरापासून पुढे सगळ्या सुरगाठी. तिने एकेक गठ्ठा सोडून पाहिला. कागदांत कडुनिंबाचा पाला घातलेला होता. अठराव्यात त्याचा तपकिरी भुगा झाला होता. तिसऱ्यात पानं सुकली होती, पण अजून हिरवी होती.

"पप्पा दर दिवाळीनंतर पाला बदलायचे," दारातून ग्रेसताई म्हणाल्या. "यंदा जमलं नाही."

अजिनाथ कुजबुजला, "म्याडम, पोरगाच असनार. तासभर एकटा हुता."

"तासात सोळा गठ्ठे कागद न् कागद बघून, पाला घालून पुन्हा बांधून होतात?"

अजिनाथने सोळा गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

रेश्माने अमृतला चहा प्यायला चौकात पाठवलं. मग ती ग्रेसताईंना घेऊन पडवीत मालनबाईंसमोर बसली.

"जॉयने काही नेलेलं नाही," ती म्हणाली. "ज्याला वाचता येतं तो यादी बघतो आणि थेट सतरावा उचलतो. जॉय तेच करता, अमृतही. इथे कोणीतरी एकपासून एकेक गठ्ठा उघडला, सतराव्यात हवं ते मिळालं आणि तिथे थांबला. ते माणूस चिठ्ठी वाचत नव्हतं. चेहरा शोधत होतं. त्याला कित्येक तास लागले, म्हणजे ते घरातच होतं. जुना पाला चुरा झाला म्हणून त्याने प्रत्येकात नवा घातला. त्याला सरांच्या कागदांचं वाईट करायचं नव्हतं."

"पण आत्याला वाचता येतं," ग्रेसताई म्हणाल्या. "चर्चमध्ये गीतपुस्तक उघडून बसते ती."

"तांदळातला खडा त्यांना बिनचष्म्याचा दिसतो. गोळीवरचं नाव दिसत नाही."

मालनबाईंनी सूप खाली ठेवलं. "गानी सगळी पाठ हायेत," त्या म्हणाल्या. "मी रानात जायचे, दानू शाळंत. दोघांतलं एकच जाऊ शकत हुतं."

"आत्या, गठ्ठा?"

"माज्या पेटीत हाय. माज्या लग्नाचा फोटू हाय त्यात. तुजा मामा, माजा नवरा, मेला न्हाई गं. कोपरगावला फॅक्टरीत हुता, तितं दुसरं घर केलं त्यानं. मी इकडं निघून आले. दानू म्हनला, मेला म्हनून सांगू. पन्नास वर्सं विधवा म्हनून बसले चर्चात. आता ह्यो पोरगा म्हनतो, जगाला दावू. कंच्या कागदात काय, मला कळंना. म्हनून सगळंच उचललं."

ग्रेसताईंनी फोन घेतला.

"जॉय, गठ्ठा सापडला. घरातच होता. मी चुकले. सोमवारी ये, सही दोघं मिळून करू." पलीकडचं ऐकून त्या म्हणाल्या, "हो. आईचे फोटो आपण ठरवू तसे."

"सतरावा बंद पाकिटात देता येतो," रेश्मा म्हणाली. "तुम्ही सांगाल तितकी वर्षं कोणी उघडणार नाही, अशी अट दानपत्रातच लिहायची. किंवा द्यायचाच नाही."

ग्रेसताई आत्याकडे वळल्या. "ते तू ठरव."

मालनबाईंनी आतून गठ्ठा आणला, पण हातातून सोडला नाही.

"द्या. मी गेल्यावर वाचू द्या लोकान्ला. खोटं माज्यासंगं जाऊ दे." मग त्यांनी फडक्यावरून हात फिरवला. "पन तुज्या मामाची चार पत्रं हायेत ह्यात. दानू म्हनायचा, काय विशेष न्हाई त्यात. लोकांनी वाचायच्या आदी मला कळू दे, काय लिवलंय ते."

ग्रेसताईंनी गाठ सोडली, पहिलं पत्र उलगडलं आणि तारखेपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रेश्माने अजिनाथला खूण केली. दोघं चपला हातात घेऊनच ओटा उतरले.