यादीतलं पहिलं नाव

"माझ्या भावामुळे बाई मेली, असं पोलीस म्हणतात," तबस्सुम म्हणाली आणि खुर्चीत न बसता तशीच उभी राहिली.

कामिनी सोनवणे जळगावात खासगी तपास करत असे. शेजारी बसलेले पुनाभाऊ हे निवृत्त तलाठी. माणूस सोन्यासारखा, पण डोकं बैलगाडीच्या चालीनं चालायचं.

धुळ्याच्या एका इस्पितळात शनिवारी दिपमाला नावाची बाळंतीण रक्ताविना गेली होती. मूल वाचलं. इस्पितळाच्या संगणकानं रक्तपेढीच्या साइटवर मागणी पाठवली होती आणि 'मागणी मिळाली' असं उत्तरही आलं होतं. त्या उत्तराच्या भरवशावर सगळे तीन तास थांबले. रक्तपेढीला मात्र काही पोहोचलंच नव्हतं. दसऱ्यानंतरची ती पहिलीच मागणी होती.

"ती साइट जळगावातच अभिमन नानांच्या सर्व्हरवर आहे. नाना म्हणजे माझ्या भावाचे, हसीबचे मालक. सर्व्हर तोच सांभाळतो," तबस्सुम म्हणाली. "दसऱ्याला त्याच्या खात्यातून साइटींच्या यादीत नवी नोंद पडली. सगळ्यात वर, '०००-श्री'. त्या नोंदीमुळेच मागणी भरकटली म्हणतात. सोमवारी सकाळी आठला घरातून उचललं त्याला. तो असं करणार नाही, ताई. त्याला सोडवा."

नानांच्या ऑफिसात ज्योत्स्ना भेटली. सर्व्हरची माहितीपुस्तिका लिहिणं तिचं काम. पासवर्ड कागदावर लिहून संगणकावरच चिकटवलेला होता.

"आम्ही तिघंही हसीबच्याच खात्यातून शिरतो," ती म्हणाली. "नवी साइट टाकायला नानाही शिकलेत. नाव लिहायचं, तयार पान उचलून ठेवायचं, झालं. कुठलीही मागणी आली तरी ते पान 'मागणी मिळाली' म्हणतं."

पुस्तिकेत लिहिलं होतं: अनोळखी नाव आल्यास सर्व्हर नकार देतो.

"हे चूक आहे," ज्योत्स्ना खाली बघत म्हणाली. तिनं एक कागद काढला. "हसीबनं दसऱ्याच्या महिनाभर आधी दुरुस्ती दिली होती."

कामिनीनं मोठ्यानं वाचलं. "सर्व्हरवर चाळीस साइटी आहेत. विचारलेलं नाव यादीत सापडलं नाही, तर यादीतली पहिली साइट उत्तर देते. धुळ्याचं इस्पितळ अजून रक्तपेढीच्या जुन्या पत्त्यावर मागणी पाठवतं. तो पत्ता यादीत नाही. रक्तपेढी पहिली आहे म्हणून चाललंय. तो पत्ता आधी नोंदवा."

कोपऱ्यात नानांची सही होती. 'वाचलं. दिवाळीनंतर बघू.'

"म्हणजे सगळं हसीबलाच ठाऊक!" पुनाभाऊ कुजबुजले. "आपल्याच कागदानं मेला की हा."

"सर्व्हरवरच्या नोंदी आजपर्यंतच्या दाखवा," कामिनी म्हणाली.

"पोलिसांनी शनिवारपर्यंतच्याच नेल्या."

शेवटची ओळ सोमवारची होती. सकाळी दहा वीस: हसीबच्या खात्यातून '०००-श्री' काढून टाकली.

"सोमवारी तुम्ही कुठे होतात?"

"धुळ्याला. रक्तपेढीत दिवसभर शिव्या खात होते. ऑफिसात नाना एकटेच."

नानांच्या केबिनमध्ये फळीवर गिऱ्हाइकांच्या नावांची रजिस्टरं होती, दर दसऱ्याला एक नवं. कामिनीनं तीन-चार उघडली. प्रत्येकात पहिली ओळ 'श्री', मग नावं.

"यंदाचं?"

"वह्या बंद केल्या. बठ्ठं, सगळी नावं, मशीनवरच," नाना म्हणाले. "दसऱ्याला मशीनचीच पूजा केली. बाकी मला त्यातलं काही कळत नाही, मी नुसता हात जोडतो. हसीब पोरासारखा आहे माझ्या. त्याच्या आईला सांगून आलो, वकील मी देतो."

कामिनीनं तबस्सुमला आणि ज्योत्स्नाला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"नाना, यंदा श्री कुठे लिहिलंत?"

नाना उघडी रजिस्टरं मिटू लागले.

"आयुष्यभर पहिली ओळ देवाची ठेवलीत. वही नाही म्हणून ती सर्व्हरवर लिहिलीत, वर राहावी म्हणून आधी शून्यं लावून. वहीतली श्रीची ओळ कुणाला अडवत नाही. सर्व्हरवर मात्र पहिल्या ओळीकडे बेवारशी निरोप जातात. रक्तपेढी दुसरी झाली. इस्पितळाची मागणी तुमच्या पानाकडे गेली आणि येईल त्याला 'मागणी मिळाली' म्हणणाऱ्या त्या पानानं इस्पितळालाही तेच सांगितलं."

"पण हसीबनंच घातली नसेल कशावरून?" पुनाभाऊंनी विचारलं.

"घात करायचा असता, तर महिनाभर आधी सही घेऊन इशारा दिला असता का? आणि सोमवारी दहा वीसला ती ओळ त्याच्याच खात्यातून पुसली गेली. तेव्हा तो दोन तास कोठडीत होता, ज्योत्स्ना धुळ्याला. काही न कळणाऱ्या माणसानं चाळीसातली नेमकी तीच ओळ काढली. कारण त्यानं हा कागद वाचला होता."

नानांचा चेहरा उतरला. "चूक व्हयनी," ते पुटपुटले. "देवाचं नाव लिहिणं पाप शे का?"

"लिहिलंत ती चूक झाली, नाना, पाप नाही. पण नंतर तुम्हाला कळलं होतं. कळल्यावर तुम्ही ते पुसलंत आणि त्या पोराला आत राहू दिलंत."

"अम्मी तुमच्या पाया पडली होती," तबस्सुम म्हणाली. तिला रडू आवरेना. "तुम्ही पडू दिलंत."

कामिनीनं नोंदींचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. "गाडी खाली आहे. आधी धुळ्याला जाऊ. दिपमालाची आई अजून इस्पितळालाच शिव्याशाप देत बसली आहे. तिला तुमच्या तोंडून कळू दे. मग पोलीस."

नाना उठले, दोन पावलं चालले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

"पहिले पोलिसासकडे लई चाल, माय," ते म्हणाले. "तठे नको, त्या आईसमोर नको."