होडीतली जागा

"आई, मला एकच सांग... तू आज शपथ घेणार आहेस की नाही?"

यशनं तो कागद पोह्यांच्या बशीशेजारी आपटला आणि जयंतीच्या हातातला झारा तिथल्या तिथे थिजला. कालपासून तिनं तो डाळीच्या डब्यांमागे दडवून ठेवला होता! नाशिकच्या सरकारी पूर-अंदाज कार्यालयाचं नेमणूकपत्र होतं ते. वरिष्ठ अभियंता, एक ऑगस्टला रुजू व्हावे, आणि अट एकच... उमेदवार भारतीय नागरिक असावा.

"आज अकरा वाजता समारंभ आहे, आणि तुला हे काल कळलंय! तू परत चाललीस ना? मग माझं काय?"

त्याचं काय, हे जयंतीला रात्रंदिवस ठाऊक होतं. इटलीतल्या पहिल्या श्रेणीच्या एका फुटबॉल क्लबनं तिच्या सतरा वर्षांच्या पोराला हेरलं होतं. पण युरोपबाहेरच्या खेळाडूंसाठी तिथं मोजक्याच जागा असतात, आणि या मोसमातल्या भरलेल्या! युरोपचा पासपोर्ट असेल तरच ऑगस्टअखेर नोंदणी, नाहीतर राम राम. अर्जेंटिनाची पोरं म्हणे पणजोबांचा इटालियन दाखला शोधून काढतात. आता यशचे पणजोबा पडले मिरजेचे, ते कुठून दाखला देणार? सुबोध, त्याचे बाबा, त्यांना इथे झूटरमेरला, या डच शहरात, येऊन तीनच वर्षं झालेली, त्यांना अजून अर्जच करता येत नव्हता. उरली आई. तिच्या अर्जावर यशचं नाव जोडलेलं, मंजुरीही आलेली. आज खेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तिनं आणि तिच्यामागून यशनं शपथ घेतली की दोघं डच, आणि भारतीय नागरिकत्व गेलं. तिनं नाही घेतली, की दोघंही होते तिथेच.

"यश, मी अजून काहीच ठरवलेलं नाही रे..."

"ठरवलेलं नाही! पाच वर्षांत तू माझी एक मॅच पाहिलीस? दर शनिवारी तुझा क्लास! तुला माझा फुटबॉल कधी नकोच होता!"

दार धाडकन आपटलं. खाली सायकलचं कुलूप खडखडलं. अगं बाई, सांगायचंस ना त्याला, की शनिवारचा तो क्लास डच भाषेचा होता, त्या परीक्षेत दोनदा नापास झालीस, आणि ती पास झाल्याशिवाय हा अर्जच करता आला नसता! पण नापास झाल्याचं पोराला कुठल्या तोंडानं सांगणार? लाजेनं तिनं गिळलं ते गिळलंच.

ती ओट्याला टेकून खाली बसली. काल निवडीची यादी संकेतस्थळावर पाहून तिच्या वडिलांनी, आप्पांनी, सांगलीहून फोन केला होता. "गल्लीत पेढे वाटले गं पोरी! तुझी खोली झाडून घेतली. ये आता!" त्या आवाजातला हर्ष ऐकून तिनं फक्त "हो आप्पा" म्हटलं होतं.

सहा वर्षांपूर्वी सांगलीला पूर आला तेव्हा ती पुण्यात नोकरीवर होती, आणि अकरा वर्षांचा यश सुट्टीला आजोळी. कृष्णेचं पाणी माडीला लागलं तेव्हा सगळे गच्चीवर चढले. होडी आली. यश सुटला... पण तिची आई, सुचेता, दोन रात्री गच्चीवर भिजत राहिली आणि दवाखान्यात तापानं गेली. इशारा वेळेवर आला असता तर! तिच्या थंडगार हाताला धरून जयंतीनं शब्द दिला होता, आई, मी पाण्याचं शिकून येते, पुन्हा कुणाच्या दारी हे असं येऊ देणार नाही. म्हणून तर पाण्याच्या अभियांत्रिकीसाठी डेल्फ्टचं विद्यापीठ, म्हणून या परक्या मुलखात पाच वर्षं! एकीकडे मेलेल्या आईला दिलेला शब्द, दुसरीकडे जिवंत पोराचं आयुष्य... कुणाला टाकायचं? देवा, कुणाला रे?

घड्याळात दहा वाजले. तिनं डोळ्यांवर पाणी मारलं, आईची जांभळी इरकल नेसली आणि ट्राम पकडली.

सभागृहात सुबोध ऑफिसातून परस्पर आला होता. त्यानं तिच्यासाठी शेजारची खुर्ची पुढे ओढली. यशचा पत्ता नव्हता. मग नावं पुकारायला लागले, आणि तो धापा टाकत आत आला. डोळे लालबुंद!

"आई, आजोबांचा फोन होता. तुझ्या नोकरीचं अभिनंदन करायला. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं." त्याचा आवाज फुटला. "त्या होडीत एकच जागा होती ना? आजीची होती ती. तिनं मला बसवलं... मला म्हणाली होती, मी मागच्या होडीनं येते. मला कुणी कधी सांगितलंच नाही गं!"

"तू एवढासा होतास रे... कसं सांगणार होतो आम्ही?"

"तू नको घेऊस शपथ. जा नाशिकला. मी अठराचा झालो की माझा अर्ज करतो."

"त्याला वर्ष लागेल. वर्षभर तो क्लब थांबेल?"

यशनं मान खाली घातली. "नाही."

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. जयंती उठली. यशनं तिचा पदर घट्ट धरला, अगदी लहानपणी धरायचा तसा. तिनं हळूच त्याची बोटं सोडवली.

दोन परीक्षांत ती ज्या परक्या भाषेत अडखळली, त्याच भाषेतली शपथ आज तिच्या तोंडून सरळ बाहेर पडली. फक्त शेवटच्या शब्दाला आवाज गेला, आणि लोकांना वाटलं, आनंदानं रडतेय बाई! मग यशची पाळी आली. तो आईकडे बघत उभाच राहिला... ओठ उघडेनात. तिनं डोळ्यांनीच त्याला दटावलं, तेव्हा कुठे तो बोलला. खाली येऊन तिच्या गळ्यात पडला आणि हमसून हमसून रडला. "तुझ्या शनिवारच्या क्लासचं बाबांनी सांगितलं आत्ता. मी काय काय बोललो तुला!"

"बोललास ते बोललास. पोहे तेवढे टाकून आलास."

बाहेर येऊन तिनं सांगलीला फोन लावला.

"आप्पा, मी... मी नाशिकला येऊ शकत नाही. आता मी त्या नोकरीला चालत नाही." सगळं एका दमात सांगून ती थांबली. "आईला दिलेला शब्द मोडला मी, आप्पा. मला माफ करा..."

 

"सुचेतानं होडीत बसवलेलं पोर तू आज खाली उतरवलं असतंस ना," आप्पा म्हणाले, "तर मात्र मी तुला कधीच माफ केलं नसतं."

जयंतीनं फोन यशच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला.

"आणि हे बघ," आप्पांनी नाक ओढलं, "पेढे वाटलेत ते काही मी परत मागायला जायचा नाही. नातवाचे होते म्हणून सांगतो."