ऑर्गनच्या आतला माणूस

भाचीने पट्टीवरचं बोट उचललं, तरी सूर काही थांबेना.

चर्च ऑर्गनवादक मंडळाची सहल त्या दुपारी एका मोठ्या चर्चमध्ये आली होती. तिथला जुना, भिंतभर नळ्यांचा ऑर्गन प्रत्येक सभासदाला दहा मिनिटं वाजवायला मिळणार होता. तिची पाळी शेवटची. जेमतेम दुसऱ्या ओळीपर्यंत पोचली, आणि हा एक सूर चिकटला तो चिकटलाच. पूँऽऽऽ... खाली बसलेल्या बावीस जणांच्या माना एकदम वर झाल्या.

तिला दरदरून घाम फुटला. मुळात ती दातांची डॉक्टर. आत्याचं मनगट मोडलं म्हणून महिनाभर दर रविवारी आत्याच्या छोट्या चर्चमध्ये वाजवत होती, एवढंच. मंडळात तिला सगळे भाचीच म्हणत, अगदी तिच्याहून लहान असलेलेसुद्धा.

"कशालाही हात लावू नका!" ऑर्गनच्या पोटातून आवाज आला.

ती बाकावरून पडायचीच बाकी होती. आत काहीतरी खडखडलं, सूर बंद झाला, आणि बाजूच्या लाकडी फळीतलं छोटं दार उघडून एक डोकं बाहेर आलं. केसांत धूळ, कानामागे पेन्सिल, आणि ओठांवर... हसू?

"मी... मी मोडला का?"

"छे हो! सकाळपासून तो रुसायच्या बेतातच होता. तुमचं निमित्त झालं." मग त्याने खाली ओरडून विचारलं, "अध्यक्ष, कोणीतरी इथे पट्ट्या दाबायला थांबेल का? अर्ध्या तासाचं काम आहे."

अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं लक्ष केव्हाचं बाहेर मांडलेल्या चहाकडे लागलं होतं. "भाची आहे की!" म्हणून ते मोकळे झाले.

तर झालं असं, की मंडळ चहाला गेलं आणि ती एकेक पट्टी दाबून बसली. तो आत नळ्यांमध्ये दिसेनासा झालेला. "पुढची," तो म्हणायचा. ती पुढची दाबायची.

"तुम्ही एरवी काय करता?" आतून प्रश्न आला.

"दात बघते. माझ्यापुढे लोक तोंड उघडून बसतात, पण बोलत कोणीच नाही."

तो इतका हसला, की आत काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. "आई गं!"

"लागलं का?"

"डोक्याला. दाताला लागलं असतं तर बरं झालं असतं."

ती एकटीच लाजली. बघत कोणी नव्हतं, ते एक बरं होतं.

दोन आठवड्यांनी तिने स्वतःहून त्या ट्यूनरला, म्हणजे ऑर्गनच्या आत शिरून सूर जुळवणाऱ्या त्या माणसाला, फोन केला. "आमच्या चर्चमधला एक सूर जरा किरकिरतोय हो."

ट्यूनर दुसऱ्याच दिवशी हजर. त्याने ती पट्टी दाबली, डोळे मिटून ऐकलं, पुन्हा दाबली. "नाही किरकिरत."

"काल किरकिरत होता."

"अच्छा." तो तिच्याकडे बघत राहिला. "मग येत्या गुरुवारी पुन्हा किरकिरेल का? गुरुवारी मला वेळ आहे."

"...सांगता येत नाही," ती म्हणाली. "किरकिरेल बहुतेक."

गुरुवारी किरकिरला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. एकदा तर दोघं ऑर्गनला हातही न लावता पायऱ्यांवर बसून तासभर बोलत होती. पाऊस भुरभुरत होता, तिच्या ओढणीचं टोक भिजत होतं, आणि ते त्याने हळूच उचलून आत घेतलं. तेवढंच. पण त्या रात्री तिला काही केल्या झोप येईना.

आत्या गळ्यात हात अडकवून घरात फिरत असे, पण डोळ्यांना काही प्लास्टर नव्हतं. "तीस वर्षं वाजवला मी तो ऑर्गन," ती म्हणाली, "वर्षातून एकदा माणूस यायचा. तू बसल्यापासून बिचाऱ्याला झालंय तरी काय?"

"जुना झालाय, आत्या."

"ऑर्गन होय? मला वाटलं, तू सांगतेस ती तक्रारच जुनी झाली."

मग मंडळाचं वार्षिक स्नेहसंमेलन आलं. वादन झालं, टाळ्या झाल्या, केक कापला गेला. आत्याचं मनगटही बरं झालं होतं, त्यामुळे अध्यक्षांनी भाचीचे आभार मानले. आणि त्याच दमात म्हणाले, "आपले ट्यूनरही मंगळवारी निघतायत. दूरच्या शहरात नवा ऑर्गन बांधायचं मोठं काम मिळालंय. दीड वर्षाचं!"

तिच्या हातातली केकची बशी तशीच राहिली. ती सरळ उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेली. तो मागोमाग आला.

"अभिनंदन," ती म्हणाली. आवाजात धार होती. "मला अध्यक्षांकडून कळावं?"

"तीन गुरुवार सांगायचं ठरवून येत होतो."

"मग?"

"तुम्ही दार उघडायचात... आणि मी विसरायचो." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे बघा. गाडीचं वेळापत्रक. शनिवारी सकाळी निघालो तर दुपारी इथे. रविवारी संध्याकाळी परत. महिन्यातून दोनदा जमेल, मी लिहून काढलंय. फक्त... मी यायचं की नाही, ते तुमच्यावर आहे."

तिने कागद हातात घेतला. पेन्सिलीने केलेल्या खुणा डिसेंबरपर्यंत गेल्या होत्या. तिचा राग कुठे पळाला, तिलाच कळलं नाही.

"एक खरं सांगू?" ती म्हणाली. "तो सूर कधीच किरकिरत नव्हता."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"तरी आलात?"

"म्हणूनच आलो."

आतून कोणीतरी चहाला हाक मारली. दोघांपैकी कोणीच हललं नाही. तिने त्याच्या बाहीवर चिकटलेला केकचा कण बोटाने झटकला, आणि मग ते बोट तिथून उचलायचं तिला काही सुचेना.

"जाऊन ये," ती हळूच म्हणाली.

तो दचकला. "काय म्हणालीस?"

"ऐकू नाही आलं? आणि म्हणे कानांवर पोट आहे तुझं!"

"आलं गं," तो म्हणाला, आणि तिचा हात हातात घेतला. "पुन्हा एकदा म्हण ना."