मनगटापासून तीन बोटं

कुंडीला पाणी घालताना रुइफेनला मातीत चार पांढऱ्या गोळ्या दिसल्या... बोटानं उकरलं तर आणखी तीन निघाल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या धाकट्या भावजयीला, पेइलिनला, दिलेल्या त्या गोळ्या. पेइलिन बाळंत होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. पण ती रात्ररात्र टक्क जागी असायची, पोरीला जवळ घ्यायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. गोळी रोज, न चुकता, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोबत घरच्या वैद्यकीच्या सुया टोचून घेतल्या तर झोपेला आणि जिवाच्या तगमगीला मदतच होईल, पण गोळीची जागा सुई घेणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं होतं. आणि ही बाई गोळ्या मातीत पुरत होती!

रुइफेननं माती सारखी केली आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

का सांगावं तिनं? चीनमधल्या शाओशिंगच्या कालव्याकाठी तिच्या घराण्याच्या, फान वैद्यांच्या, सुयांना तीन पिढ्यांचं नाव होतं, आणि घराण्याचा हात सुनेला शिकवायचा, लेकीला नाही, हा तीन पिढ्यांचा दंडक. कारण लेक तो परक्या घरी घेऊन जाते म्हणे. आता रुइफेन कुठे गेली होती कुणाच्या घरी? आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं ठरलेलं लग्न मोडलं, आईचं सगळं केलं, भावाला वाढवलं आणि बेचाळिशीला येऊनही त्याच घरात वडिलांच्या सुया उकळत बसली. सुई कुठं टोचायची ते पुस्तकात छापलेलं होतं. पण टोचल्यावर ती बोटांत कशी फिरवायची, रोग्याच्या अंगात तो जडसा ठणका कसा आणायचा, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते बाबा पेइलिनला शिकवत, आठ वर्षांपूर्वी कापडाच्या दुकानातून आलेल्या सुनेला! रुइफेन आपल्याच पिंढरीत सुया टोचून बघायची... पिंढऱ्या काळ्यानिळ्या व्हायच्या, पण हात काही यायचा नाही. वर बाहेर रोगी म्हणायचे, सूनबाईंचा हात किती हलका! ते ऐकलं की रुइफेनच्या पोटात जे पेटायचं, ते शमवणारी सुई अजून कुणी घडवली नव्हती.

आता बाबांचे हात थरथरत होते. रोगी दारातून परत जात होते. भाऊ दूर शहरात नोकरीला; पेइलिन उठलीच नाही, तर सुया हातात घ्यायला घरात दुसरं होतंच कोण?

तीन दिवस ती सकाळी आलं-गुळातली अंडी घेऊन पेइलिनच्या खोलीत जात राहिली, आणि तीन दिवस गप्प राहिली. एकदा पेइलिननं विचारलं, "वन्सं, तुम्हाला झोप लागते ना हो?"

"लागते की. मला काय झालंय?" रुइफेन म्हणाली, आणि ते म्हणताना तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं!

चौथ्या दिवशी दुपारी ती लंगोट वाळत घालत होती, तेव्हा कालव्याच्या पायऱ्यांवर दुपट्यात गुंडाळलेली पोर दिसली... आणि खाली, कमरेएवढ्या गार पाण्यात, जिला महिनाभर गार पाण्याला बोटही लावू द्यायचं नाही ती ओली बाळंतीण! रुइफेन कशी धावली ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं पेइलिनला काखेत धरून ओढत वर आणलं, पोरीला उचललं, आणि दोघींना घरात घेऊन आली. तिचे दात वाजत होते, पेइलिनचे नाही.

इस्पितळात फोन झाला. डॉक्टरीणबाई संध्याकाळी स्वतः येणार होत्या. तोवर हिला क्षणभर एकटीला सोडू नका, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी सुयांची पेटी आणली आणि रुइफेनच्या हातात ठेवली.

"माझा हात नाही चालत, पोरी. आता या घरात सुई तूच धरायची."

जन्मभर जे ऐकायला कान आसुसले होते, ते हेच. नुसतं गप्प राहायचं होतं... तीन दिवस जमलं, तसं आणखी घटकाभर. पण तिच्या तोंडून निघालं, "बाबा, गोळ्या कुंडीत पुरल्यात. मी तीन दिवसांपूर्वीच पाहिलं होतं. सांगितलं नाही. हिचा हात सुटला तर पेटी माझ्याकडे येईल, म्हणून."

बाबांनी पेटी काढून घेतली. "दुसऱ्याचं दुखणं बघून गप्प बसलेला हात," ते सावकाश म्हणाले, "सुईच्या कामाचा नाही."

"मग तुमचा तरी कुठे आहे, बाबा?" रजईतून पेइलिन म्हणाली. आठ वर्षांत ती सासऱ्यांपुढे असं कधी बोलली नव्हती. "जेवताना तुम्हीच म्हणालात, सुयांच्या घरात गोळ्या! त्या दिवसापासून मी पुरत होते. लोकांना काय तोंड दाखवणार होते मी?" मग ती रुइफेनकडे वळली. "तुम्ही पाहिलंत ते कळलं होतं मला. माती सारखी केली होती कुणीतरी. वाटलं, चला, कुणाला तरी मी नकोच आहे."

रुइफेन तिच्या पायाशी कोसळली.

"उठा वन्सं. हेवा काय तुम्हालाच करता येतो? तुमच्यावर ओरडतानाही ते 'पोरी' म्हणतात. मी आठ वर्षं या घराचा नुसता हात आहे." तिनं रुइफेनकडून उशालगतच्या डबीतली गोळी मागून घेतली, सर्वांसमक्ष गिळली आणि मनगट पुढे केलं. "आता टोचा. मला दुसऱ्या कुणाचा हात नको."

बाबांनी पेटी खाटेवर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

रुइफेननं मनगटाच्या घडीपासून तीन बोटं मोजली, दोन शिरांच्या मधली जागा चाचपली, सुई टोचली आणि फिरवली. ठणका काही येईना. पेइलिननं नकारार्थी मान हलवली. पिंढरीत शंभरदा हरलेली तिची बोटं इथंही हरत होती.

"घाई करू नकोस," खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या बाबांचा आवाज आला. "तिला श्वास सोडू दे... सोडला? आता फिरव. अंगठा पुढे."

रुइफेननं अंगठा पुढे नेला.

"आलं," पेइलिन पुटपुटली. तिचे डोळे जड होऊन मिटत होते.

"तिथंच धरून ठेव," बाबा म्हणाले. "आता पुढचं सांगतो, नीट ऐक."