निळ्या दोऱ्याचे सात टाके

'परवाची रिक्षा' या सिनेमाचे तीन भाग महाराष्ट्राने पोट धरून पाहिले होते. रिक्षात बसायचं, मीटर उलटा टाकायचा, की थेट शिवकाळात! आता २०३७ साली चौथा भाग निघत होता, आणि या खेपेला काळप्रवास खराखुरा होता. त्यासाठी पन्हाळ्याच्या पायथ्याशी, जुन्याच स्टुडिओत आले होते अकरा वर्षांच्या जुईचे आबा, म्हणजे शास्त्रज्ञ विश्वास माळकर.

सगळे मजेत होते, पण जुईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आबांच्या पत्र्याच्या पेटीत तिला एक चप्पल सापडली होती. डाव्या पायाची, वाळून खडखडीत झालेली. तिच्याही डाव्या पायातल्या नव्या कोल्हापुरीचा अंगठा कालच सुटला होता आणि आबांनी तो निळ्या दोऱ्याने टाचून दिला होता. या जुन्या चपलेवरही निळा दोरा होता. जुईने टाके मोजले. इकडे सात, तिकडेही सात. पाचवा दोन्हीकडे तिरका.

चपलेला चिठ्ठी होती : 'दृश्य सतरा. अनोळखी मुलीची. १९९७.'

"आबा, ही कुणाची?" पाय स्टुलाखाली लपवत तिने विचारलं.

"अजून आहे होय ती?" आबा यंत्राच्या तारा जोडत होते, त्यांनी मान वर केली नाही. "पहिल्या भागाला मी चोवीस वर्षांचा होतो. शिकता शिकता सलगता सांभाळायचो (एका शॉटमध्ये दिसलेलं पुढच्या शॉटमध्ये जसंच्या तसं ठेवायचं काम). आमच्यात दृश्यात चुकून आलेली वस्तूही टाकत नाहीत. पुन्हा लागली तर? त्या दिवशी दिव्याचा लोखंडी खांब माझ्यावर कोसळत होता. मागून एक पोरगी ओरडली, 'आबा!' मी वळलो, म्हणून पायावर निभावलं. नाहीतर डोकंच गेलं असतं. पोरगी काही पुन्हा दिसली नाही. आणि मला सांग, चोवीस वर्षांच्या पोराला आबा कोण म्हणतंय गं?"

जुईने चपलेचा अंगठा घट्ट ओढून घेतला. आपण त्या काळात मुळीच जाणार नाही, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं.

तीन वाजता आबांनी कालझरोका (भूतकाळात उघडणारी खिडकी) सुरू केला, आणि चाचणीसाठी ओळखीचा म्हणून १९९७ मधला तोच दिवस लावला. बाहेरच्या चिमण्या एकदम गप्प झाल्या. झरोक्यात तेच अंगण दिसू लागलं, पण ओलं, चिखलाचं. माणसं चहा पीत हसत होती, आवाज मात्र नव्हता. त्यांतले कितीतरी जण आता हयात नव्हते. मध्ये एक दाट केसांचा तरुण वहीत काहीतरी टिपत होता, आणि त्याच्यामागचा खांब हळूहळू कलत होता.

ओरडायला कुणी मुलगी दिसतच नव्हती. जुई वाट पाहत राहिली. कुणीच नाही!

"जुई, थांब!" आबा ओरडले, पण ती आत शिरली होती. लवकर ओरडायचं, म्हणजे आबांचा पायही वाचेल, असं तिला वाटलं. पण घशातून आवाज फुटेना. चप्पल चिखलात रुतली, पाय निसटला, आणि तेव्हा कुठे ती किंचाळली, "आबा!"

तरुण वळला. खांब त्याच्या पायावर आदळला. जुई मागे वळून धावत सुटली आणि ती बाहेर पडताच झरोका मिटला.

आबा लंगडतच तिच्याकडे आले. ती हुंदके देत म्हणाली, "मला पायसुद्धा वाचवायचा होता!"

आबांनी तिचा चिखलाने माखलेला अनवाणी पाय पाहिला, मग पेटीतली चप्पल पाहिली. त्यांनी तिच्यावरचे टाके मोजले.

"अगं, काळालाही सलगता असते. एकदा घडून गेलं ते बदलत नाही. तू काही बदललं नाहीस, तू तिथं पहिल्यापासून होतीसच. याला सुसंगतीचा नियम म्हणतात (काळप्रवासी जे करतो, ते घडून गेलेल्यात आधीच धरलेलं असतं). इतकी वर्षं तो नुसता माझ्या कागदावर होता."

"आणि चप्पल?"

"ती तू आत्ता हरवलीस. तिने मात्र पेटीत चाळीस वर्षं तुझी वाट पाहिली. म्हणून ती म्हातारी झाली."

"मी गेलेच नसते तर?"

"गेलीस, म्हणून तर हा म्हातारा उत्तर द्यायला बसलाय!"

जुईने डोळे पुसले. "मग पुढचंही सगळं ठरलेलंच?"

"पुढचं अजून कुणी पाहिलंय? ती फिल्म कोरी आहे, पोरी. ती तू भरायचीस."

मग आबांनी पेन काढलं, चिठ्ठीवरचं 'अनोळखी मुलीची' खोडलं, आणि तिथं लिहिलं, 'माझ्या नातीची'.